सगळं बदलून टाकलं आणि मग हरली : एका डावाचा पोस्टमॉर्टेम

हा बुद्धिबळाचा डाव कुठल्या ग्रँडमास्टरचा नाही. म्हापशातल्या एका ओपन रेटिंग टूर्नामेंटचा चौथा राऊंड, पांढऱ्याकडून माझी भाची (दहावीला आहे, डिचोलीला राहते, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, १५४० च्या आसपास) आणि काळ्याकडून सावंतवाडीहून आलेले एक रिटायर्ड काका, रेटिंग तिच्यापेक्षा बरोबर दोनशेने जास्त. वेळ ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव. ४९ चालींत पांढरा हरला. डाव फोंड्याला माझ्या घरी पुन्हा मांडला आणि त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण हेच आपल्याकडच्या निदान निम्म्या शिकाऊ पोरांच्या डावात होतं असं माझं ठाम मत आहे.

आधी कसा मांडला ते सांगतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड कप इथे गोव्यात झाला, २०६ खेळाडू, नॉकआऊट, उझबेकिस्तानचा सिंदारोव जिंकला, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना लाईव्ह डाव बघताना बाजूची ती इव्हॅल्युएशनची, म्हणजे कोण किती वरचढ ते दाखवणारी, पट्टी बघायची सवयच लागलीय. पट्टी खाली गेली की "ब्लंडर!" म्हणायचं आणि पुढच्या डावाकडे वळायचं. स्वतःच्या डावाचंही तेच, घरी येऊन लिचेस या बुद्धिबळाच्या साईटवर टाकायचा, इंजिनने (चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमने) लाल केलेली चाल बघायची, अरेरे म्हणायचं, बंद. म्हणून आम्ही मोबाईल बाजूला ठेवला. लाकडी पट, तिची स्कोअरशीट, एक लाल पेन. इंजिन शेवटी. बोटविनिक तर आपले डाव स्वतः तपासा आणि ते छापा म्हणजे चार लोक तुमच्या टिपणांतल्या चुका काढतील असं सांगायचे, आणि त्या काळात इंजिन नव्हतंच, तरी जगज्जेता झाला माणूस.

स्कोअरशीटबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ३० सेकंद इन्क्रिमेंट असला की शेवटपर्यंत चाली लिहायलाच लागतात, पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला तरी सूट नाही, आणि शीटवर चालींसोबत घड्याळाची वेळ लिहायला नियमाने परवानगी आहे. तिला मी पूर्वीच सांगून ठेवलं होतं की प्रत्येक चालीला उरलेली मिनिटं बाजूला लिही. तिने लिहिली होती, बारीक अक्षरात, कार्बन कॉपीवर फिकी उमटलेली. चालींइतकाच त्या मिनिटांचाही या तपासणीत उपयोग झाला.

आता डाव. ओपनिंग इटालियन (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, सी३ घोडा एफ६, डी४ आणि काळ्याने डी४ वर घेतलं, पांढऱ्याने सी-प्याद्याने परत घेतलं, उंट बी४ शह. इथे घोडा सी३ टाकून प्याद्याचा बळी देणारी चाल सतराव्या शतकातल्या ग्रेकोच्या काळापासून चालत आलीय, पण तिने शांत चाल घेतली, उंट डी२. काळ्याने उंट घेतला, बी१च्या घोड्याने परत घेतला, मग डी५, प्यादं घेतलं, घोड्याने परत घेतलं, दहावी चाल वजीर बी३, घोडा सी६ वरून ई७ वर, दोघांनी कॅसलिंग केलं, हत्ती एफ१ वरून ई१, काळ्याचं सी६. इथपर्यंत सगळं पुस्तकातलं आणि दोघांनीही भराभर खेळलेलं, तिच्या घड्याळात १२व्या चालीला ८८ मिनिटं.

ही पोझिशन नीट समजून घ्या, पुढचं सगळं इथूनच येतं. पांढऱ्याकडे डी४ वर एकटं प्यादं, बाजूला सी नाही ई नाही, आयसोलेटेड. काळ्याचा घोडा त्याच्या समोर डी५ वर ठाण मांडून. पांढऱ्याला त्या प्याद्याच्या बदल्यात काय मिळतं? मोकळी ई-फाईल (ई ची उभी रांग), घोड्यांना ई५ आणि सी५ ही घरं, राजाच्या बाजूला हल्ल्याची शक्यता. म्हणजे पांढऱ्याची मजा मोहरे पटावर असेपर्यंत. जितके मोहरे कमी होतील तितकं ते प्यादं नुसतं राखायचं ओझं होत जातं, कारण हल्ला करायला कोणी उरत नाही आणि शेवटी काळ्याचा राजा डी५ वर येऊन बसतो, ज्याला तिथून हाकलायला पांढऱ्याकडे ई किंवा सी प्यादंच नाही. हे कुठल्याही मिडलगेमच्या पुस्तकात असतं आणि तिला तोंडपाठ आहे. विचारलं तर धडाधड सांगितलं.

तरी डाव असा गेला. १३वी चाल ए४, चांगली. काळ्याचा वजीर बी६. आता पांढऱ्याकडे दोन रस्ते: एक वजीर ए३, म्हणजे वजीर ठेवायचा, वर ई७च्या घोड्यावर हत्ती आणि वजीर दोघांचा दाब. दुसरा ए५, ज्याने काळ्याला वजीर बदलायचं आमंत्रण मिळतं. दोन्ही थिअरीत आहेत, ए५ ही वाईट चाल अजिबात नाही. तिने ए५ खेळली, काळ्याने बी३ वर वजीर घेतला, घोड्याने परत घेतला. मी शीटवर १४ला लाल गोल काढला आणि विचारलं, "बाय, इथे ए३ का नको वाटलं?"

"मामा, वजीर गेले की मला हलकं वाटलं."

हे वाक्य मी शीटच्या मागे लिहून ठेवलं.

१५वी काळ्याची चाल हत्ती डी८. १६वी तिची: उंटाने डी५चा घोडा घेतला, काळ्याने ई७च्या घोड्याने परत घेतला. दुसरा लाल गोल. ही मात्र खरोखर चुकीची अदलाबदल. डी५ वरून एक घोडा काढला तर दुसरा तिथेच येऊन बसला, मग मिळवलं काय? उलट पांढऱ्याचा एकमेव उंट गेला आणि काळ्याचा सी८ वर कोंडलेला उंट आता विरोधक नसलेला उंट झाला. त्या चालीला तिने तीन मिनिटंही दिलेली नव्हती, घड्याळ ८१.

नंतर घोडा ई५, एफ६, घोडा डी३, उंट एफ५, बी३च्या घोड्याने सी५, काळ्याचं बी६, ए-प्यादी आपापसात गेली, आणि २१व्या चालीला ए-फाईलवरचे हत्ती. तिसरा गोल. इथे फाईल सोडली तर काळा घेणार हे खरं, तेव्हा हा गोल मी अर्धाच काढला. मग पुढच्या पंधराएक चालींत राहिलेले घोडे आणि उंटही गेले. त्यातल्या प्रत्येक चालीवर बसलो होतो पण इथे सगळं लिहीत नाही, त्यात शिकण्यासारखं फार नाही. एक सोडून. तिने बी-प्यादं बी४, मग बी५ असं ढकललं, काळ्याने सी-प्याद्याने घेतलं, तिने मोहऱ्याने परत घेतलं. कारण विचारलं तर "प्यादी कमी झाली की ड्रॉ सोपा". आता हिशोब बघा. वजीराच्या बाजूला पांढऱ्याचं एकही प्यादं उरलं नाही आणि काळ्याचं बी६चं प्यादं एकटं, पण त्याच्या वाटेत बी नाही, ए नाही, सी नाही. म्हणजे पांढऱ्याने स्वतःच्या हाताने काळ्याला पास्ड प्यादं दिलं, तेही राजाच्या बाजूपासून लांब. आणि तिचं डी४ तिथेच. प्याद्यांची संख्या सारखी म्हणून तिला सगळं समसमान दिसत होतं.

राजाच्या बाजूला दरम्यान कोंडी झाली: पांढऱ्याची एफ३, जी४, एच३, काळ्याची एफ६, जी५, एच४. तिच्याकडे तिथे हलवण्यासारखी एकच चाल, एफ४, आणि ती केली की प्यादं जातं. म्हणजे नुसता वेळ काढायची तटस्थ चाल नावाला पण शिल्लक नाही.

आता काळ्याची ४१वी चाल झालीय. पट मांडा. पांढरा: राजा डी३, हत्ती ई२, प्यादी डी४, एफ३, जी४, एच३. काळा: राजा डी५, प्यादी बी५, एफ६, जी५, एच४, आणि हत्ती आत्ता ए६ वरून ई६ वर आलाय. काकांनी हत्ती बदलायची ऑफर दिलीय. तिच्या घड्याळात २२ मिनिटं. तिने ई६ वर घेतलं, चाळीस सेकंदांत.

राजाने परत घेतलं, आणि खेळ संपला, फक्त तिला ते कळायला चार-पाच चाली गेल्या. डावात झालं ते असं: राजा ई४, बी४. आता पांढऱ्या राजाला बी-प्याद्यामागे जायलाच लागतं, राजा डी३, काळा राजा डी५. राजा ई३, बी३. राजा डी३, बी२. राजा सी२, आणि काळ्याने डी४ घेतलं. राजाने बी२ घेतलं, काळा राजा ई३, आणि एफ३ वर कोणाचाच आधार नाही. राजा सी१, एफ३ घेतलं, तिने हात पुढे केला.

मी म्हटलं दुसरं काही होतं का बघू, आणि यावर आम्ही बराच वेळ घालवला, इंजिनशिवाय. ४३ला राजा ई४ ऐवजी राजा सी३ करून बी५च्या मागे लागलं तर? राजा डी५, राजा बी४, डी४ घेतलं, बी५ घेतलं, राजा ई३, आणि पुन्हा तेच, एफ३ जातं आणि पांढरा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला. तो तिथून धावत एफ६ खायला निघाला तर? तिने ही स्वतः मोजून काढली, बोटाने घरं मोजत: सी५, तोवर एफ३ गेलं. डी६, काळा राजा जी३. ई६, एच३ गेलं. एफ६ मिळालं, पण जी४ गेलं आणि एच-प्यादं मोकळं. एका नाही चांगल्या दोन चालींनी उशीर. मग राजा ई४, बी४, आणि डी५ शह देऊन बघितलं: राजा डी६, राजा डी४, बी३, राजा सी३, डी५ घेतलं, बी३ घेतलं, राजा डी४, राजा सी२, राजा ई३. परत एफ३. कुठूनही गेलं तरी शेवट एफ३लाच, कारण लांबच्या पास्ड प्याद्याचं कामच ते: विरोधी राजाला एका बाजूला ओढायचं आणि आपला राजा दुसऱ्या बाजूला पाठवायचा. जसं चवथीच्या बाजारात एकजण दुकानदाराशी भाव करत उभा राहतो आणि दुसरा पलीकडे जाऊन चांगली फळं निवडून घेतो.

मग प्रश्न आला की ४२व्या चालीला न घेता काय करायचं होतं. तिला पट दिला आणि मी गप्प बसलो. पहिल्यांदा म्हणाली हत्ती सी२, का तर सी-फाईल मोकळी आहे. बरं. मग म्हणाली, "बी५ला राखणारं कोण आहे?" कोणीच नाही! काळा राजा डी५ वर, बी५ पासून दोन घरं लांब. म्हणजे हत्ती बी२, सरळ बी५ वर.

काळा राजा सी६ वर येऊन राखतो? मग डी५ शह, त्याच डी४च्या बिचाऱ्या प्याद्याचा, सी६चा राजा आणि ई६चा हत्ती दोघे एकदम माऱ्यात, राजाने प्यादं खाल्लं की हत्ती बी५ वर शहासकट घेतो. बी४ ढकललं? हत्ती घेतो. हत्ती ई१ करून मागून हल्ला? बी५ शहासकट जातं आणि पांढरा एक प्यादं वर. तेव्हा काळ्याला हत्ती बी६ करायलाच लागतं, स्वतःच्याच प्याद्यामागे बसून. आणि आता पांढऱ्याची खरी चाल, हत्ती बी४. तिने ठेवला आणि स्वतःच म्हणाली, "अरे, हा डी४ पण राखतो!" बरोबर. चौथ्या रँकवर आडवा, प्यादं अडवतोही आणि डी४ला आधारही देतो, राजा मोकळा होतो, आणि काळा हत्ती बी-फाईल सोडूच शकत नाही. काळा राजा सी६ ला गेला की पांढरा राजा ई४, आणि आता काकांनाच विचार करायला लागला असता.

इथे आम्ही इंजिन चालू केलं. हत्ती बी२ ला बरोबरी, ई६ वर घेण्याला सरळ काळा जिंकतो. टेबलबेस (मोजक्या सोंगट्यांच्या पोझिशनची तयार उत्तरं) इथे कामाचा नाही, तो सात सोंगट्यांपर्यंतच पक्कं उत्तर देतो आणि अदलाबदलीनंतर राजे धरून दहा उरतात, पण हाताने मोजलेलं आणि इंजिनने सांगितलं ते जुळलं.

आता जर आपण इंजिनपासून सुरुवात केली असती तर निष्कर्ष काय निघाला असता? "४२वी चाल ब्लंडर, हत्ती बी२ हवी होती, पॉन एंडिंग (नुसते राजे आणि प्यादी उरलेला शेवट) शिका." चूक काही नाही त्यात. ती पॉन एंडिंग शिकली असती, आणि पुढच्या टूर्नामेंटमध्ये ३०व्या चालीला दुसरं काहीतरी बदलून बसली असती. शीटवरचे लाल गोल एकत्र बघितले तर वेगळंच दिसतं: १४, १६, २१, मधल्या मोहऱ्यांच्या अदलाबदली, बी५, ४२. एकही अदलाबदल अशी नाही की जिच्यावर तिने पाच मिनिटं घालवली. आणि उलट जिथे काही बदलायचं नव्हतं, घोडा ई५ला न्यायचा की नाही असल्या चालीला, तिथे नऊ-नऊ मिनिटं. म्हणजे मुलगी विचार करते, मन लावून करते, पण घेण्याची चाल आली की विचार थांबतो, हात आपोआप जातो. अमुक चाल वाईट एवढंच इंजिन सांगतं, हा पॅटर्न शीटच्या कडेला लिहिलेल्या त्या मिनिटांत सापडला.

का? तेही विचारलं, रागावून नाही, खरंच जाणून घ्यायला. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की वरच्या रेटिंगवाल्याशी खेळताना मोहरे कमी करत जा, ड्रॉ मिळतो, असं तिला लहानपणी शिकवलं होतं. कुणी शिकवलं ते महत्त्वाचं नाही, गोव्यातच काय सगळीकडे हा सल्ला पोरांना दिला जातो आणि मला तो मनापासून पटत नाही. एकतर एंडिंगमध्ये जास्त रेटिंगवाल्याचा अनुभवच जास्त असतो, तिथे त्याच्याशी भिडायला जायचं म्हणजे त्याच्या घरी जाऊन खेळायचं. त्या काकांनी हत्ती ई६ ला आणला तेव्हा त्यांनी राजा-प्याद्यांची ती सगळी मोजणी आधीच केलेली होती, डाव झाल्यावर हॉलच्या बाहेर चहा घेताना त्यांनी तिला ती न अडखळता दाखवली, खूप चांगले गृहस्थ. दुसरं, एलो या रेटिंगच्या पद्धतीच्या हिशोबाने दोनशेचा फरक म्हणजे वरच्याला शंभर डावांत साधारण ७६ गुण, खालच्याला २४. हे २४ काही कमी नाहीत. पण ते मिळवायचे तर पटावर काहीतरी शिल्लक ठेवायला लागतं, विशेषतः डी४ वर एकटं प्यादं असताना, जिथे पोझिशनच ओरडून सांगतेय की बदलू नको.

म्हणून तिला दिलेला अभ्यास पॉन एंडिंगचा नाही, म्हणजे तोही आहे, पण मुख्य नाही. मुख्य हा: कुठलाही डाव परत मांडताना फक्त अदलाबदलीच्या चालींना थांबायचं आणि तीन गोष्टी कागदावर लिहायच्या. माझा कुठला मोहरा गेला आणि तो काय काम करत होता. समोरच्याचा कुठला गेला आणि तो काय करत होता. आणि सगळंच गेलं, फक्त राजे आणि प्यादी उरली, तर कोणाचा राजा आधी कुठे पोचतो. तिसरा प्रश्न हत्ती असतानाच विचारायचा, ते गेल्यावर विचारून उपयोग नाही. १६व्या चालीला हे लागू केलं तर उत्तर दहा सेकंदांत येतं: माझा उंट गेला जो एफ७च्या दिशेने बघत होता, त्याचा घोडा गेला पण दुसरा तयारच होता. पुढे विचारायचीही गरज नाही.

आणि १३व्या चालीपासून आम्ही तो डाव परत खेळायला घेतलाय, ती पांढऱ्याकडून, मी काळ्याकडून, मग उलट. तिने आता वजीर ए३ धरलीय. मी उंट ई६, ती ए५, मी वजीर सी७, ती घोडा ई४, आणि तो घोडा सी५ ला निघालाय, जिथून ई६चा उंट आणि बी७ दोन्ही एकदम लागतात. पटावर वजीर आहेत, चारही हत्ती आहेत, चारही घोडे आहेत. मी काळ्याकडून अजून समाधानकारक उत्तर शोधतोय, बी६ ढकलून बघितलं, तिने ए-प्याद्याने घेतलं आणि ए-फाईल उघडली तशी माझीच पंचाईत झाली. हत्ती ए८ वरून डी८ वर आणून बघायचं बाकी आहे, पुढच्या रविवारी ती फोंड्याला आली की तिथून सुरुवात.